गारांची सुट्टी

परवा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फोन वाजला. माझ्या पुतण्याची मुलगी अमेरिकेत शिकते. तिकडे सकाळचे सात वाजले होते. पोरगी एवढी खुशीत होती, की मला आधी वाटलं परीक्षेचा निकाल लागला असणार. म्हणाली, "आजोबा, आज कॉलेज बंद! रात्रभर बर्फ पडलाय. दारातली गाडीसुद्धा दिसत नाही." मी विचारलं, "मग आता दिवसभर करणार काय?" तर म्हणाली, "काही नाही. मेसमधले ट्रे घ्यायचे, टेकडीवर जायचं आणि त्याच्यावर बसून घसरत खाली यायचं."

फोन ठेवला आणि मला हसू आलं. आमचं गाव तेरखेडा. बालाघाटच्या डोंगररांगेतलं, सोलापूर-धुळे रस्त्यावरचं. तेरणा नदी आमच्याच बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि खाली जाईपर्यंत निम्मं वर्ष कोरडी असते. इथं बर्फ पाहायचा तो रसवंतीच्या गुऱ्हाळावर, पोत्यात गुंडाळलेला, भुशात ठेवलेला. तरीसुद्धा मला वाटलं, अशी एक सुट्टी आपल्याही नशिबात आली होती. ती बर्फाची नव्हती, गारांची होती. त्या सुट्टीबद्दल आज बोलायचं आहे. पण तिच्याकडे जायच्या आधी जरा दूरवरून फिरून यावं लागेल, कारण सुट्टीलाही इतिहास असतो.

अमेरिकेतल्या थंड प्रांतांत बर्फाची सुट्टी हा मुलांच्या जगातला मोठा सण. ही सुट्टी पंचांगात नसते, शाळेच्या वेळापत्रकातही नसते. रात्री बर्फ पडतो, रस्ते बुजतात आणि पहाटे कुणीतरी ठरवतं, की आज शाळा भरवायची नाही. मोबाईल यायच्या आधी ही बातमी कळायची ती रेडिओवरून. पहाटे स्थानिक केंद्राचा निवेदक बंद असलेल्या शाळांची लांबलचक यादी वाचायचा आणि घराघरांतली पोरं अंथरुणात बसून कानात प्राण आणून ऐकायची, आपल्या शाळेचं नाव येतं का ते. आपल्याकडे निकालाच्या दिवशी पेपरात नंबर शोधायचे, तसंच हे.

शाळांना ही सुट्टी वरचेवर मिळते. विद्यापीठांना क्वचितच, कारण बरेचसे विद्यार्थी आवारातच राहतात आणि वर्गापर्यंत चालत जातात. म्हणून कॉलेज बंद पडलं, की ती गोष्ट माणसं जन्मभर सांगत राहतात. ६ आणि ७ फेब्रुवारी १९७८ला बोस्टन शहरावर असं हिमवादळ आलं. सत्तावीस इंच बर्फ पडला. शहराबाहेरच्या हमरस्त्यावर तीन हजारांहून जास्त गाड्या जागीच अडकल्या. जवळजवळ आठवडाभर खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती. हार्वर्डसारखं विद्यापीठसुद्धा बंद ठेवावं लागलं. त्या दिवसांत तिथं कॉलेजात असलेली माणसं आज म्हातारी झाली, तरी त्या आठवड्याबद्दल बोलताना अजून खुलतात. मोकळ्या रस्त्यांवरून चालणं, शेजाऱ्यांची ओळख, एकाच चुलीवरचं जेवण असं सगळं त्यांना आठवतं. पण त्याच वादळात त्या सगळ्या भागात मिळून शंभराच्या आसपास माणसं दगावली होती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. एकाच पांढऱ्या दिवसाच्या या दोन बाजू आहेत.

आपली मराठी मुलं-मुली तिकडे शिकायला अलीकडेच जाऊ लागली, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर मराठी विद्यार्थ्यांनी अमेरिकेतला बर्फ पाहिला, त्याला आता एकशे चाळीसहून जास्त वर्षं झाली. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांना नुकतंच अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले आणि महिन्या-दोन महिन्यांत थंडी आली. नऊवारी लुगडं नेसायचं तर पायाच्या पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिथल्या थंडीत ते परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. हा बदल आपल्याला आज लहान वाटेल. पण परदेशी जाऊनही आपला धर्म आणि आपला पोशाख सोडणार नाही, असं जिनं जाण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितलं होतं, तिच्या दृष्टीनं तो साधा नव्हता.

आनंदीबाईंनी तिथं तीन हिवाळे काढले. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांच्यावर मुलीसारखी माया केली. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना सांभाळलं. जपान आणि सिरियातून आलेल्या मैत्रिणी मिळाल्या. त्या तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला १८८५ सालचा फोटो आजही जगभर पाहिला जातो. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. पण थंडी, परका आहार आणि अभ्यासाचे श्रम यांनी आनंदीबाईंची प्रकृती पोखरली होती. क्षय झाला. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. दर हिवाळ्यात त्या दगडावर बर्फ पडतो. बर्फाच्या गोड आठवणी सांगताना या मुलीला विसरून चालणार नाही.

त्यानंतर वीसेक वर्षांनी, १९०६ साली श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ इथाका नावाच्या डोंगराळ गावात आहे आणि तिथला हिवाळा लांबलचक. केतकरांनी तिथं पाच हिवाळे काढले, भारतातल्या जातिसंस्थेचा इतिहास लिहिला आणि १९११ला डॉक्टरेट घेतली. पुढे त्यांनी मराठीत ज्ञानकोश उभा केला, हे आपण सगळे जाणतो. त्याच कॉर्नेलला ग्रंथालयाखालच्या उतारावरून मेसच्या ट्रेवर बसून घसरत येण्याची विद्यार्थ्यांची जुनी हौस आहे. आमची पोरगी ज्या खेळाबद्दल सांगत होती, तो हाच.

आणि तिसरं नाव बाबासाहेबांचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनीही तीनच हिवाळे काढले. त्यांच्या पहिल्याच हिवाळ्याच्या शेवटी, मार्च १९१४च्या सुरुवातीला, न्यूयॉर्कवर मोठं हिमवादळ आलं होतं. बाबासाहेबांचा वेळ जायचा तो ग्रंथालयात. पण त्या दिवसांबद्दलचं त्यांचं म्हणणं नोंदलेलं आहे. १९३०मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं, की आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गबंधू आणि ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे थोर प्राध्यापक. साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, शिपायानं वरून ओतल्याशिवाय ज्याला पाणी प्यायला मिळालं नाही, त्यानं हे लिहिलं आहे. कॉलेजच्या आठवणी गोड का असतात, याचं एक उत्तर यात सापडतं. हवा कशीही असो, आपल्याला तिथं माणूस म्हणून कसं वागवलं गेलं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

हेच बाबासाहेब २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ला आमच्या शेजारच्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. बैलगाड्यांची मोठी मिरवणूक काढून लोकांनी त्यांना गावात नेलं. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. न्यूयॉर्कच्या हिमवादळातून चाललेली पावलं आमच्या काळ्या मातीच्या धुळीतूनही गेली आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आता पुन्हा सुट्टीकडे वळू. हवामानासाठी शाळा-कॉलेज बंद ठेवायचं, यामागे लाड नसतात. १८८८ हे साल या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी १२ जानेवारीला अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानी प्रदेशात दिवसाढवळ्या अचानक हिमवादळ आलं. सकाळी हवा उबदार होती, म्हणून मुलं साध्या कपड्यांत शाळेत गेली होती. दुपारी वादळ कोसळलं. काही शिक्षकांनी मुलांना घरी सोडलं, काहींनी शाळेत थांबवून ठेवलं. त्या वादळात सुमारे २३५ माणसं मेली, आणि त्यांत घरी निघालेली मुलं पुष्कळ होती. म्हणून त्या वादळाला आजही मुलांचं वादळ म्हणतात. त्याच वर्षी ११ मार्चपासून न्यूयॉर्क आणि पूर्व किनाऱ्यावर दुसरं हिमवादळ आलं, त्यात चारशेच्या वर माणसं गेली. पंडिता रमाबाई त्या वर्षी अमेरिकेतच होत्या. आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला आपल्या देशात, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला गारांचा असा मारा झाला, की २४६ माणसं मृत्युमुखी पडली. गारांनी घेतलेला एवढा मोठा बळी जगात दुसरीकडे नोंदलेला नाही. एकाच वर्षात, चार महिन्यांच्या आत, हिमाचा आणि गारांचा हा हिशेब पडला.

शाळा सोडायची की थांबवायची, हा प्रश्न गुरुजींच्या पुढे उभा राहतो तेव्हा तो जिवाचा असतो. म्हणून हवामानाचा अंदाज आधी कळणं महत्त्वाचं. आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्य ठाणं पुढे सिमल्याला होतं, म्हणजे खरोखरच्या बर्फाच्या गावात. ते १९२८मध्ये पुण्याला आलं. पुणेकरांनी त्या इमारतीला नाव दिलं सिमला ऑफिस. आजही शिवाजीनगरला बसचा वाहक सिमला ऑफिस म्हणून ओरडतो आणि उतरणाऱ्यांपैकी कुणाच्या मनातही सिमल्याचा बर्फ येत नाही.

आपल्याकडे हवामानाच्या सुट्ट्या नाहीत असं मुळीच नाही. उन्हाळ्याची सुट्टी ही हवामानाचीच सुट्टी आहे. विदर्भात ऊन जास्त, म्हणून तिथल्या शाळा जूनमध्ये उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मार्च लागला, की आपल्या शाळा सकाळच्या होतात. 'सकाळची शाळा' हा शब्द ज्यानं अनुभवला आहे, त्यालाच त्यातली गंमत कळेल. दप्तर घेऊन उजाडता निघायचं, अकराच्या आत घरी यायचं आणि दुपारभर आंब्याखाली पडायचं. सुट्टी कोणत्या वारी असावी, यालाही इतिहास आहे. निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. आमच्या वडिलांच्या पिढीनं शाळेची सुट्टी म्हणजे जुम्मा असंच पाहिलं. सप्टेंबर १९४८ला पोलीस कारवाई झाली, राज्य गेलं आणि सुट्टी रविवारवर आली.

कॉलेजची गोष्ट तर आणखी उशिराची. उस्मानिया विद्यापीठ १९१८ला हैदराबादला निघालं, पण तिथलं शिक्षण उर्दूतून. आमच्या भागातल्या मुलांना कॉलेज करायचं तर हैदराबाद, औरंगाबाद, नाहीतर सोलापूर-पुणे गाठावं लागे. २३ ऑगस्ट १९५८ला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं आणि हळूहळू तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं आली. शेतकऱ्याचं पोर पहिल्यांदा कॉलेजात गेलं ते त्यानंतरच्या वीस वर्षांत. मीही त्यांतलाच एक. बहात्तरच्या दुष्काळानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. खडी फोडून, सुकडी खाऊन जगलेली घरं नुकती सावरत होती. अशा दिवसांत मी बार्शीला कॉलेजात होतो.

होळी जवळ आली होती. परीक्षा तोंडावर. दुपारचा इतिहासाचा तास चालू होता आणि सर पानिपत शिकवत होते. बाहेर एकदम अंधारून आलं. आधी धुळीचा लोट उठला, मग मातीचा वास, मग पत्र्यावर टण् टण् असा आवाज. एकेक करत तो वाढला आणि बघता बघता असा काही कडकडाट सुरू झाला, की सरांचं पानिपत आम्हाला ऐकू येईना. सरांनी खडू ठेवला आणि खिडकीशी गेले. त्यांच्या मागोमाग सगळा वर्ग. बाहेरचं मैदान पांढरं होत होतं. बोराएवढ्या गारा, काही तर लिंबाएवढ्या. जमिनीवर पडून चेंडूसारख्या उडत होत्या.

मारा थांबला तेव्हा मैदानावर वीतभर नाही, पण पायाची बोटं बुडतील एवढा थर होता. मग कोण वर्गात थांबतो? आम्ही बाहेर धावलो. टोपीत गारा गोळा केल्या, रुमालात बांधल्या, एकमेकांच्या सदऱ्यात टाकल्या. एरवी मान वर न करणाऱ्या मुलीसुद्धा ओंजळी भरून घेत होत्या. कुणीतरी कँटीनमधून साखर आणली आणि आम्ही साखर-गारा खाल्ल्या. प्रयोगशाळेचे शिपाई मामा परातीत गारा भरून आत घेऊन गेले, प्राचार्यांना दाखवायला. पाच मिनिटांनी घंटा झाली. विजेच्या तारा तुटल्या होत्या, वर्गांत पाणी शिरलं होतं. कॉलेज सुटलं. परीक्षेच्या तोंडावर मिळालेली ती अर्ध्या दिवसाची सुट्टी. इतका निखळ आनंद मला पुन्हा कुठल्या सुट्टीनं दिला नाही. त्या वेळी सिनेमात काश्मीर दिसायचं. आम्हाला वाटलं, काश्मीर आपल्या दारी आलं.

संध्याकाळच्या यष्टीनं मी गावाकडे निघालो. येडशीला गाडी बदलली. गाडी घाटातून वर निघाली तसं खिडकीतून दिसायला लागलं. आंब्याखाली मोहोराचा आणि कैऱ्यांचा सडा. तारेवर बसणारे पक्षी रस्त्याकडेला मरून पडलेले. गव्हाचं रान कुणी लाटणं फिरवावं तसं झोपलेलं. गाडीत आधी चाललेल्या गप्पा कमी होत गेल्या आणि मग कुणीच बोलेना. माझ्या रुमालात गारा बांधलेल्या होत्या, धाकट्या भावाला दाखवायला. त्या वाटेतच विरघळून मांडीवर पाणी झालं.

घरी न जाता मी तसाच रानात गेलो. आमची ज्वारी निम्मी काढून झाली होती आणि निम्मी उभी होती. उभी होती ती आडवी झाली होती. काढलेल्या पेंढ्या चिखलात होत्या. कणसांतले दाणे झडून जमिनीत बसले होते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, खाली बसून एकेक कणीस उचलून झटकत होते. मला बघून म्हणाले, "आज लवकर आलास?" मी म्हणालो, "गारा पडल्या म्हणून कॉलेज सुटलं." ते म्हणाले, "बरं झालं. येचू लागायला माणूस पायजेच हुता."

बस्स, एवढंच बोलले. मी पायजमा दुमडला आणि वेचायला लागलो. त्या मोसमाची ज्वारी काळी पडली. घरात खायला ठेवली, बाजारात तिला भाव आला नाही. त्या वर्षीची माझी फी अण्णांनी कशी भरली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पण त्यानंतर मी कुठंही गारांची गोष्ट सांगितली, की ती दोन्ही अंगांनी सांगतो. साखर-गाराही सांगतो आणि काळी ज्वारीही सांगतो.

हिम आणि गार यांत फरक हाच आहे. हिम हिवाळ्याचं. ढगातच ओलाव्याचे नाजूक कण गोठतात आणि भुरभुरत खाली येतात. शेत त्याच्याखाली झोपलेलं असतं, त्यामुळे पिकाला त्याची फारशी झळ लागत नाही. उलट ते वितळून जमिनीत मुरतं. गार उन्हाळ्याच्या तोंडाशी पडते. जमीन तापलेली, हवा दमट, आणि वर थंड हवेचा झोत. तापलेली हवा जोरानं वर चढते, पाण्याचे थेंब उंच नेऊन गोठवते, पुन्हा पुन्हा वर ढकलते. कांद्यासारखे थरावर थर चढतात आणि ओझं पेलेनासं झालं, की गार खाली येते. आणि येते ती नेमकी फाल्गुन-चैत्रात. तेव्हा वर्षभराचं पीक रानात असतं, आणि विद्यार्थ्यांची वर्षभराची मेहनतही परीक्षेच्या दारात उभी असते.

आमच्या तेरखेड्याला हवामानाचं आणखी एक गणित आहे. आमचं गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. कौतुकानं कुणी मराठवाड्याची शिवकाशीही म्हणतात. फटाक्याचं काम उन्हावर चालतं. दारू भरलेला माल वाळला पाहिजे. आभाळ भरून आलं, की माल वाळत नाही. वीज चमकायला लागली, की दारूजवळ थांबणंच धोक्याचं. काम थांबतं, आणि काम थांबलं, की रोजावर असलेल्या बायामाणसांचा रोज बुडतो. वाशी-भूमच्या भागात खव्याच्या भट्ट्या आहेत. तिथंही पावसापाण्यानं दूध वेळेवर आलं नाही, की भट्टी थंड. म्हणजे ज्या दिवशी पोराला सुट्टी मिळते, त्या दिवशी आईचा पगार जातो. बर्फाच्या देशातसुद्धा हे असणारच. विद्यापीठ बंद असतं त्या दिवशी रस्त्यावरचा बर्फ ओढायला कुणीतरी पहाटे तीनला उठलेलं असतं.

सुट्टी वेळेवर जाहीर करण्याचं महत्त्व आपल्याकडे ठळकपणे कळलं ते २६ जुलै २००५ला. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. हजारो विद्यार्थी शाळा-कॉलेजांत रात्रभर अडकले. त्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. आता अतिवृष्टीचा इशारा आला, की आदल्या रात्री त्यांचा आदेश निघतो आणि मोबाईलवर फिरतो. पूर्वी रेडिओला कान लावून बसायचं, आता पोरं मोबाईलकडे डोळे लावून बसतात. सप्टेंबर २०२५मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यात, परंडा-भूमच्या पट्ट्यात, पुरानं हाहाकार उडवला तेव्हा अशाच सुट्ट्या मिळाल्या. त्या सुट्ट्यांत कुणी खेळलं नाही. पोरं घरातला चिखल उपसत होती.

त्याआधी २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात अशी गारपीट झाली, की जुनी माणसंही चकित झाली. दिवसामागून दिवस, आज या तालुक्यात तर उद्या त्या. टीव्हीवर पांढरी शेतं दिसत होती आणि खाली मथळा होता काश्मीरचा. दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच दिवसांत चालू होत्या. घरात बाप डोक्याला हात लावून बसलेला आणि पोरगं पेपरला निघालेलं, अशी घरं मी पाहिली. सरकारी यादीत गारपीट ही भूकंप-पुरासारखीच नैसर्गिक आपत्ती मानलेली आहे. पूर्वी पिकाचं निम्मं नुकसान झालं तरच मदत मिळायची. २०१५पासून ही अट तेहतीस टक्क्यांवर आली. टंचाई जाहीर झालेल्या गावांतल्या मुलांची परीक्षा फी माफ होते, हीही चांगली गोष्ट. कॉलेजला एक दिवस सुट्टी देणं सोपं आहे. त्या दिवसानंतर ते पोर पुन्हा कॉलेजात येईल, याची तजवीज करणं अवघड. माझ्या वर्गातली दोन मुलं त्या गारांच्या सुट्टीनंतर परत आलीच नाहीत. एक ऊस तोडायला गेला, दुसरा पुण्याला हमालीला. त्यांची आठवण आली, की साखर-गारांची चव तोंडातच विरते.

म्हणून काय गोड आठवणी सांगायच्याच नाहीत? तसं मला वाटत नाही. त्या दुपारी आम्ही खेळलो ते खरं होतं. आमच्या त्या वर्गातली बहुतेक मुलं घराण्यातली पहिलीच कॉलेजात आलेली. जन्मापासून आभाळाकडे फक्त काळजीनं बघायची सवय. त्या एका तासापुरतं आम्ही आभाळाकडे नुसतं आनंदानं बघितलं. एवढी चैन आमच्या बापजाद्यांना मिळाली नव्हती. ती आम्हाला कॉलेजनं दिली, आणि तिची किंमत रानात उभ्या असलेल्या माणसानं भरली.

रात्री पोरीचा पुन्हा फोन आला. दमली होती, गाल लाल झाले होते. दिवसभर घसरून झालं, बर्फाचा बाहुला करून झाला, कढत सूप पिऊन झालं. म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे अशी सुट्टी असायची?" मी तिला बार्शीचं मैदान सांगितलं, साखर-गारा सांगितल्या. ती खूप हसली. मग मी अण्णांचं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या सकाळी आमच्या मेसवाल्या मावशींना विचारते, त्या आज कामावर आल्या कशा ते."

मी म्हटलं, "विचार. आणि त्यांच्या दारातला बर्फ कुणी काढला, तेही विचार."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)